डोळ्याचा नंबर

आमचं गाव निजामाच्या राज्यातलं. गावात इंग्रज कधी आला नाही, पण त्याचा एक शब्द न बोलावता आला आणि पाट मांडून बसला. नंबर! वडिलांचं शेत बारा नंबरात. हिंगोलीच्या गिरणीवर दळणाचे डबे ओळीनं ठेवायचे, तोही नंबर. शिवायचं रीळ घ्यायचं तर त्याचा नंबर सांगायचा. शाळेत हुशार पोराचा पहिला नंबर, आणि गूळ चांगला निघाला की तोही एक नंबर. बिजवराला तर आमच्या आळीतल्या बायका सरळ ‘दोन नंबरचा नवरा’ म्हणत. पडेल ते काम करणारा असा गडी आमच्याकडं असता तर वडिलांनी त्याला जन्मात सोडला नसता.

हा गडी एक दिवस माझ्या डोळ्यात शिरला. गावचे मास्तर वडिलांकडं आले होते. अंगणातून येताना पाहून मी त्यांना ‘या मामा’ म्हणाले. मामा आमचे काळे नि ठेंगणे, मास्तर गोरे नि ताडमाड. मास्तर स्वतः चष्मेवाले, त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाले, “पोरीच्या डोळ्याला नंबर आहे.”

“मंग आणू की चष्मा हिंगोलीहून,” वडील म्हणाले.

आई चुलीपुढून तरातरा उठून आली. “काई आणू नका! चष्मेवाली पोरगी कोण करून घेतंय? एखादा दोन लंबरचा पडंल गळ्यात. अक्षता पडूस्तोर चष्म्याचं नाव काढायचं न्हाई.” आई नंबरला लंबरच म्हणायची, आणि तिच्या तोंडी तो एखाद्या रोगासारखा वाटायचा.

जवळचं मला लख्ख दिसे. तांदळातला खडा माझ्या हातून सुटला नाही. पण चार-पाच पावलांपलीकडं सगळं जग ताकात कालवलेलं. माणसं मी चालीवरून नि खोकल्यावरून ओळखायची. दोन स्थळं या नजरेपायीच आली तशी गेली. अठरावं सरलं, मी घोडनवरी झाले. आईचं जेवण निम्म्यावर आलं. डोळ्याला नंबर आला यात माझी चूक काय, हे मला कुणी सांगेना, म्हणून मला आईचा रागही यायचा.

तिसरं स्थळ सेनगावकडचं. मुलगा हिंगोलीच्या कापसाच्या जिनात कारकून, प्रथमवर, म्हणजे एक नंबर. आईनं माजघराच्या दारातून बैठकीत डोकावून मोजणी केली नि माझ्या कानात सांगितलं, “दारापासून मोज. तीन म्हातारे, चौथ्या लंबरला पोरगं. तिघांच्या पाया पड. चौथ्याच्या पडशील तर माझी आब्रू जाईल.”

आधी परीक्षा. मुलाच्या चुलत्यांनी बंडीच्या खिशातून सुई-दोरा काढला. आमच्याकडं मुलीची नजर अशीच पाहत. सुईत दोरा ओवला की डोळे चांगले! मी एका दमात ओवला. “नजर घारीची हाय,” चुलते म्हणाले. घारीला सुईत दोरा ओवता येत असेल तर बराबर होतं त्यांचं.

“आता पाया पड, बाई.”

खाली मान, डोक्यावर पदर. मी दारापासून मोजायला लागले. पहिला कोट-टोपीवाला, चांगला धिप्पाड. मी गुडघे टेकले, हात लावून नमस्कार केला. आशीर्वाद येईना. पायही जरा खरखरीत लागले. तेवढ्यात बैठकीत असा हशा उठला की बाहेरचे बैल दचकले.

दाराजवळ ज्वारीचं पोतं उभं होतं. मुलाला उकडलं म्हणून त्यानं मघाशी आपला कोट त्यावर टाकला होता आणि टोपीही वर ठेवली होती. आईच्या मोजणीनंतरचा हा पाहुणा. मी पोत्याच्या पाया पडले होते.

चुलते हसायचे थांबले. “का हो, पोरीला दिसत न्हाई का काय?”

दारामागं आईच्या बांगड्यासुद्धा वाजेनात. गेलं हेही स्थळ, मला वाटलं. आणि त्या शांततेत पलीकडून मुलानं हळूच चुलत्यांना विचारलं, “काय झालं, काका? सगळे काहून हसले?”

“तुझ्या समोर तर झालं! तुला बी दिसलं न्हाई?”

वडील लाजेनं उठले, निदान पोत्यावरचा कोट तरी उचलावा म्हणून. त्यांनी तो झटकला आणि खिशातून चष्मा खाली पडला. चांगला जाड काचांचा. मुलाच्या आईनं त्याला बजावलं होतं, पोरीकडल्यांसमोर लावू नको म्हणून!

चुलत्यांनी चष्मा उचलला, उपरण्यानं पुसला, आणि आधी वडिलांकडं, मग पुतण्याकडं पाहिलं. “आता कुणी कुणाला बोलावं?” ते म्हणाले. “आणा साखर.”

लग्न झालं. अंतरपाट धरला काय आणि काढला काय, आम्हा दोघांना सारखंच. निघताना आई कोरड्या डोळ्यांनी मला गाडीत बसवत होती, शिदोरी दे, उशी दे, नुसती लगबग. मी रडरड रडत होते आणि ही रडत नाही, याचं मला फार लागलं. अक्षता पडल्या, सुटली एकदाची, असंच वाटलं असेल, मी म्हटलं.

गाडी वेशीबाहेर पडली. मोठ्यांची गाडी पुढं गेली, करवली पेंगत होती. आमच्या ह्यांनी खिशातून चष्मा काढून माझ्यापुढं धरला. “लावून बघ,” म्हणाले. आमच्या संसारातलं ते पहिलं बोलणं.

मी लावला आणि मागं वळले. लांबून आई म्हणजे मला रोज नुसता लुगड्याचा हिरवा डाग. आज वेशीतल्या चिंचेखाली तिला तोंड होतं. ती चिंचेच्या खोडाला धरून, पदर बाजूला टाकून, लेकरासारखी रडत होती. या पोरीला इतक्या लांबचं दिसत नाही, हे सगळ्या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी हात हलवला नाही. गाडी वळेपर्यंत चष्माही काढला नाही.