अख्ख्या मोहल्ल्याला एकशे तीन

आमच्या घरच्या माठाला एकदा एकशे तीन ताप आला होता. निदान मी केलं होतं.

तेव्हा मी गडचिरोलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे उन्हाळ्यात धानोऱ्याजवळच्या आमच्या गावी आले, की मला काहीतरी येत असणार असं सगळ्यांना वाटे. (मलाही वाटे. काय येतं, ते मात्र आठवत नसे.)

त्या सुट्टीत माझा परीक्षेचा निकाल लागायचा होता, आणि बाबांना थंडी वाजून ताप येत होता. दुपारी गोधडीत कुडकुडायचे, संध्याकाळी घामाने भिजायचे, आणि सकाळी पुन्हा तेंदूपत्ता तोडायला जंगलात! माझे काका असाच ताप अंगावर काढता काढता गेले होते. मला धास्ती होती.

"बाबा, दवाखान्यात चला नं. रक्त तपासू."

"पत्त्याचा सिझन आहे, पोरी. झाडं काय माह्यासाठी थांबतीन?"

पुस्तकात वाचलं होतं, की हिवतापाची एक चाल असते. तो बहुतेक एक दिवसाआड येतो. ही चाल पकडून दाखवली, तर बाबा ऐकतील! मैत्रिणीचा मागून आणलेला थर्मामीटर मी कुडकुडणाऱ्या बाबांच्या काखेत लावला. एकशे तीन!

दुसऱ्या दिवशी बाबा अंगणात पानांचे पुडके बांधत, शेजारच्या तुळसाबाईची थट्टा करत बसले होते. थर्मामीटर लावला. एकशे तीन! न उतरणारा ताप म्हणजे विषमज्वर!

"मले तं काहीच होऊन नाई राह्यलं," बाबा म्हणाले.

"आतून आहे," मी म्हणाले.

माय घाबरली. तिला लावला. एकशे तीन! तुळसाबाई गुडघे चोळत म्हणाली, "मलेबी पाह्य वो, सकाळपासून टोंगळे दुखून राह्यले." एकशे तीन! ती तिथेच आडवी झाली. "माह्या लेकाले बलवा वो!" (जरा वेळापूर्वीच तिने आमच्याकडची सगळी आंबील संपवली होती.)

साथ आली! मोहल्ल्यात बोंब झाली. माणसं काखा वर करून रांगेत उभी राहिली. एकाने बकरी आणली. "हिलेबी पाह्य, खाऊन नाई राह्यली." बकरीलाही एकशे तीन! कोणीतरी बैलगाडी जुंपायला घेतली.

माय मात्र पुढे आली. तिने माझ्या हातातून थर्मामीटर घेतला आणि सरळ थंडगार माठात बुडवला.

"आता काय म्हंते?"

मी पाहिलं. एकशे तीन.

"मंग माठालेबी गाडीत टाकू का वो?"

तेव्हा कुठे मला आठवलं, की थर्मामीटर लावण्याआधी दरवेळी झटकावा लागतो. पारा आपोआप खाली येत नाही! पहिल्या दिवशीचा बाबांचा ताप त्यात तसाच चढून बसला होता, आणि मी तोच गावभर वाटत होते. तुळसाबाई उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मले आता बरं वाटते."

बाबा पोट धरधरून हसले. दवाखान्याचा विषय तिथेच संपला. आता कोणत्या तोंडाने सांगणार होते मी त्यांना?

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी पुन्हा गोधडी ओढली. मी पारा झटकू लागले. पण हात थांबेचना! दातही वाजू लागले.

"अवं, हे पोरगी कापून राह्यली!" बाबा ओरडले. अंगावरची गोधडी काढून त्यांनी मला गुंडाळलं, सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि निघाले. स्वतःसाठी एक पाऊल न उचलणारा माणूस! पुढे ते कुडकुडत होते, मागे मी. ती सायकल धानोऱ्याला सरळ कशी पोचली, देव जाणे.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोघांचंही बोट टोचलं. दोघांनाही हिवताप. बाबांना अखेर गोळ्या मिळाल्या.

"तुला याआधी अशी थंडी वाजली होती का?" नर्सबाईंनी मला विचारलं.

"हो."

"रोज?"

"नाही. एक दिवसाआड," मी म्हणाले. "मला वाटलं, निकालाची भीती आहे."