बबनरावांची विहीर

तलावावरून घरी येताना पिशवीत ओला टॉवेल असायचा आणि डोक्यात एखादा किस्सा. टॉवेल दुपारपर्यंत वाळायचा, किस्सा काही वाळायचा नाही. एका उन्हाळ्यात इतके जमले, की आता घरी कोणी चहाला आलं की बायको म्हणते, "तो तलावावरचा सांगा ना," आणि मला विचारावं लागतं, "कोणता?"

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक जलतरण तलाव आहे. लांबी पंचवीस मीटर. अलीकडे छातीभर पाणी, मध्ये एक दोरी आणि दोरीपलीकडे फरशी उताराला लागते ती थेट आठ फुटांपर्यंत. सकाळी सहा ते सात 'प्रौढ नवशिके' अशी बॅच असते. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं म्हणून पन्नाशीत मी त्या बॅचला नाव घातलं. शिकवायला सलीम सर. गळ्यात शिट्टी, आवाज हळू, आणि माणूस बुडत असतानाही घाई करणार नाहीत असा चेहरा.

आता माझ्यापासूनच सुरुवात करतो, म्हणजे बाकीच्यांना राग यायला नको.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. पाणी वस्तूला वर ढकलतं, त्याला प्लावक बल म्हणतात, हे सव्वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्या विश्वासावर पहिल्याच दिवशी कठड्याचा दांडा सोडला आणि सरळ तळाशी जाऊन बसलो. अक्षरशः बसलो, मांडी घालून. सलीम सरांनी दंडाला धरून वर काढलं.

डोळे उघडले तर समोर गजू. गजू ट्रॅक्टर मेकॅनिक, माझा जुना विद्यार्थी. 'वस्तू पाण्यात सोडल्यास काय होते?' या प्रश्नाला त्यानं नववीत दोन शब्दांचं उत्तर लिहिलं होतं, 'वस्तू बुडते.' मी त्याला शून्य दिलं होतं.

गजू गंभीरपणे म्हणाला, "सर, मंग माह्यं उत्तर बरोबर होतं ना?"

*

पण गजूचीही एक अडचण होती. तो मागे जायचा.

म्हणजे फळी धरून पोटावर आडवा व्हायचा, पाय जोरजोरात मारायचा, आणि सगळा तलाव पुढे जात असताना हा हळूहळू मागच्या भिंतीला जाऊन टेकायचा. सलीम सरांनी त्याचे घोटे पाहिले. सगळे जण पाय मारताना पंजे ताणतात. हा पंजे उभे धरायचा, ब्रेकवर पाय ठेवल्यासारखे. आठ दिवस सर सांगत होते, गजू आठ दिवस मागे जात होता. शेवटी सरांनी त्याला उलटा उभा केला. जिकडे जायचं तिकडे पाठ, आणि म्हणाले, "आता मार पाय."

गजू दोरीपर्यंत सुसाट गेला. तेव्हापासून तो तसाच जायचा. फक्त जाताना मधूनमधून मान वळवून ओरडायचा, "सरका बे, गाडी मांगं येऊन राह्यली!"

*

शकीलभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. त्यांच्याकडे पाहून आम्हां सगळ्यांचा जळफळाट व्हायचा. दुसऱ्याच दिवसापासून या माणसाचं पोहणं असं, की फोटो काढावा. एक हात वर, मग दुसरा, मान कडेला, श्वास, पुन्हा हात. पाण्याचा आवाजसुद्धा नाही. सलीम सर मात्र त्यांच्याकडे पाहून कधीच काही बोलायचे नाहीत. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

एक दिवस गजूच्या गाडीची किल्ली पाण्यात पडली. तो नाक दाबून खाली गेला, किल्ली घेऊन वर आला आणि दोन दिवस गप्प राहिला. गजू गप्प, म्हणजे काहीतरी मोठं होतं. तिसऱ्या दिवशी शकीलभाई ऐटीत आमच्या समोरून निघाले, तसा गजू अदबीनं म्हणाला, "शकीलभाई, उद्यापासून चप्पल घालून येत जा. खाली फरशी लय घसरते."

शकीलभाई वरून पोहत होते आणि खालून चालत होते.

*

मधुकरची पिठाची गिरणी. हा रोज घरून तिळाचं तेल अंगभर चोळून यायचा. सलीम सर पोटाखाली हात धरून त्याला तरंगायला शिकवायला जायचे आणि मधुकर हातातून निसटून भलतीकडेच निघायचा. एकदा तर सरांच्या एका हातातून सुटून दुसऱ्या हातावरून घसरला आणि माझ्या पोटाशी येऊन थांबला.

सरांनी विचारलं, इतकं तेल कशाला? मधुकर म्हणाला, पाणी आत जाऊ नये म्हणून.

सर नेहमीच्या शांतपणे म्हणाले, "मधुकरराव, पाणी तोंडानं आत जातंय. तिथं लावलं का?"

*

रामदासजींचं कापडाचं दुकान, बाजारपेठेत, तीन पिढ्यांचं. त्यांचं पोहणं म्हणजे कापड मोजणं. एक हात मारला की एक मीटर, आणि तोंडानं मोठ्यानं "एक... दोन... तीन..." पंचवीस हातांत पलीकडची भिंत. फुटपट्टीनं आखल्यासारखे सरळ जायचे. फक्त मध्ये कोणी बोललं की आकडा चुकायचा आणि मग रामदासजी जिथं असतील तिथून मागे फिरून भिंतीला हात लावून पुन्हा "एक" पासून सुरू करायचे. हे आम्हाला कळल्यावर त्या बिचाऱ्यांना आम्ही सुखानं पोहू दिलं नाही. त्यांचे चौदा झाले की कोणीतरी विचारायचंच, "रामदासजी, लग्नाचा बस्ता किती दिवस आधी बांधावा?"

*

आणि बबनराव. जानेफळचे शेतकरी, रोज पहाटे मोटारसायकलवर यायचे. खरं तर नवशिक्यांत त्यांचं कामच नव्हतं. विहिरीत पोहणारा माणूस. पाच वर्षांचे असताना आज्यानं कमरेला दोर बांधून आत सोडलं होतं, ते शिकूनच वर आले. लोकांच्या विहिरीतून एक वासरू, दोन बकऱ्या आणि एक नवरदेव काढल्याचा त्यांचा लौकिक होता.

पहिल्या दिवशी त्यांनी धाडकन उडी मारली, चार दणदणीत हात मारले आणि वळले. पुन्हा चार हात, पुन्हा वळले. अख्खा तलाव मोकळा, आणि हा माणूस एका कोपऱ्यात गोल गोल फिरतोय. त्यांच्या आज्याची विहीर तेवढीच रुंद होती. त्यात शिकवण अशी, की विहिरीच्या पाण्यात डोळे उघडायचे नाहीत. ते घट्ट मिटलेले.

सलीम सरांनी थांबवून विचारलं, "बबनराव, वळता कशाला?"

"वळलो नाई तं भिंत लागन ना डोक्याले."

"भिंत पंचवीस मीटरवर आहे."

"मले मालूम हाय, सर," बबनराव धापा टाकत म्हणाले, "आंगाले मालूम नाई."

आम्ही हसून हसून कठड्याला लोंबकळलो. सगळ्यात जास्त हसले रामदासजी. आणि इथंच खरी गंमत होती, कारण रामदासजी त्यांचे ईवाई, म्हणजे व्याही. बबनरावांची सुमी रामदासजींच्या घरी दिलेली. लग्नात बबनरावांनी मांडवात बसून नवरदेवाला विहिरीतून काढल्याची गोष्ट तीनदा सांगितली होती, ती रामदासजींनी तीनदा ऐकली होती. आता त्यांची पाळी होती. दुकानात गिऱ्हाईक आलं की कापडाआधी बबनरावांचं गोल पोहणं दाखवायचे, टेबलाभोवती फिरून. घरी जेवताना पुन्हा तेच.

मीही स्टाफरूममध्ये दोनदा करून दाखवलं. खोटं कशाला बोलू?

*

शेवटच्या आठवड्यात बबनराव यायचे बंद झाले. बॅच संपताना परीक्षा असते. भिंतीला किंवा दोरीला हात न लावता एक लांबी सरळ पार करायची. परीक्षा बघायला घरचे लोक येतात. बबनराव आले नाहीत तर नापास, आणि आले तर सगळ्यांसमोर गोल.

रविवारी मी जानेफळला गेलो. ते आपल्या शेतातल्या विहिरीच्या काठावर बसले होते. मी म्हटलं, अहो, चेष्टाच ती, इतकं काय मनावर घेता? ते पाण्याकडे पाहतच म्हणाले, "मले हसा ना, सर. मी बी हसतो. पन तिकडं सुमी ताटात भाकर वाढून राह्यली असते अन् तिच्या समोर तिच्या बापाले हसतेत. तिनं कुठं पाहावं?"

मला फार लाज वाटली. मुलीचा बाप मीही आहे.

परत आल्यावर सरळ रामदासजींच्या दुकानात गेलो आणि जसंच्या तसं सांगितलं. ते कापड मोजत होते. मध्येच थांबले. आकडा चुकला, पण पुन्हा "एक" काही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी सुमीला घेऊन जानेफळ गाठलं. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बबनराव परीक्षेला आले, एवढं मात्र खरं.

*

परीक्षेच्या सकाळी कठड्यावर निम्मं गाव. दोरी काढून ठेवलेली. सुमी लेकराला कडेवर घेऊन एका टोकाला उभी होती, बाजूला तिच्या दोन नणंदा.

गजू उलटा पास झाला. नियमात दिशेचं काही लिहिलेलं नाही, असं सलीम सर म्हणाले. रामदासजी पंचवीस हातांत पास, कारण त्या दिवशी कोणाची त्यांना टोकायची हिंमत झाली नाही. मधुकर घसरत घसरत का होईना, पोचला. शकीलभाई फरशी संपली तिथं संपले. मी त्यांच्याही आधी.

मग बबनराव. उडी झकास. चार हात मारले आणि वळले. नणंदा फिसकन हसल्या. सुमी खाली बघायला लागली. सर म्हणाले, "अजून एक चान्स." पुन्हा उडी, पुन्हा चार हात, पुन्हा गोल.

बबनराव कठड्याला धरून उभे राहिले. डोळे लाल, ते पाण्यानं की कशानं, सांगता येत नाही. सर शेवटच्या चान्सबद्दल काही बोलणार तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. रामदासजी इस्त्रीच्या शर्टासकट पाण्यात उतरले होते.

"सर," ते म्हणाले, "ईवाईले विहीर लागते. आम्ही होतो विहीर."

सलीम सरांनी नियम बोटांवर मोजले. भिंतीला हात नाही, दोरीला हात नाही. पोटांच्या भिंतीबद्दल नियमात काही नाही, असं म्हणून त्यांनी मान हलवली. "पण दोरीच्या जागेपर्यंतच. पुढं तुम्ही थांबायचं, ते एकटे जातील."

आम्ही उतरलो. डावीकडे रामदासजी, उजवीकडे मी, मागे शकीलभाई आणि मधुकर. समोर गजू, बबनरावांकडे तोंड करून आडवा, पाय मारायला तयार. बबनरावांनी डोळे मिटले आणि सुटले.

चार हात झाले. ते उजवीकडे वळायला गेले, तर माझं पोट. डावीकडे गेले, तर रामदासजींचं. मागे फिरावं तर मधुकर, तेलासकट. मोकळी जागा फक्त पुढे होती, कारण समोरची भिंत म्हणजे गजू, आणि गजू मागे मागे सरकत होता. विहीर चालायला लागली. कठड्यावरचे लोक हसत होते, मग ओरडायला लागले, मग लेकरासकट सुमी आमच्या बरोबरीनं काठानं पळायला लागली. "बाबा, चाला! बाबा, चाला!"

पोट लागलं की ढकलायचं, पोट लागलं की ढकलायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सहज वर पाहिलं, तर सलीम सर आमच्या सोबत काठानं चालत होते. शिट्टी ओठांत धरलेली, पण वाजवत नव्हते. असा त्यांचा चेहरा महिनाभरात मी पाहिला नव्हता. हे असे का बघतायत, म्हणून मी पायानं फरशी चाचपली.

फरशी नव्हती.

दोरी काढलेली, त्यामुळे थांबायचं कुठं हे कोणालाच कळलं नव्हतं. आठ फूट पाण्यात मी होतो, शकीलभाई होते, आणि शकीलभाईंचे पाय पहिल्यांदाच पोहत होते. बोललो असतो तर सगळे बुडालो असतो, म्हणून मी बोललो नाही.

शेवटच्या भिंतीशी गजू बाजूला सरकला. बबनरावांचा हात थाडकन सिमेंटवर आदळला. डोळे अजून मिटलेलेच. त्यांनी ती भिंत दोनदा चाचपली, थोपटली, आणि धापा टाकत विचारलं,

"हे कोनाचं पोट होय बे? लय टणक हाय!"