धुळ्याच्या बाईंसमोर आम्ही चौघं

माझी दहावीतली मुलगी तेरा दिवस शाळेत गेली नाही, हे मला पोस्टकार्डाने कळलं. कार्डाखाली सही माझीच होती.

धरणगावच्या आमच्या शाळेत मी पर्यवेक्षक होतो. सलग गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या पालकांना छापील कार्ड पाठवायची शिस्त मीच लावलेली. कारकून नावं भरून गठ्ठा समोर ठेवायचा आणि मी न वाचता खाली सह्या ठोकायचो. (वाचायला वेळ कुठला? शाळा सुधारायची होती.) डिसेंबरात एका दुपारी पोस्टमन दारात आला. "सर, तुमचंच आहे," म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. त्याने वाचलेलं होतं.

'आपली पाल्य कु. शैला ही तेरा दिवस विनापरवानगी गैरहजर आहे. पालकांचे दुर्लक्ष ही चिंतेची बाब आहे.' शेवटचं वाक्य मी स्वतः घातलं होतं. त्याचा मला अभिमान होता.

मी वर्गशिक्षकांना गाठलं. "तुम्ही मला तोंडी का सांगितलं नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," ते म्हणाले. "आणि सर, तुम्हाला विचारायचं कोणी?"

शैला रोज दप्तर घेऊन निघायची, ती रेल्वे स्टेशनच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसायची. शाळा सुटायच्या वेळी घरी यायची. डबा मात्र रोज रिकामा परत येत होता, म्हणून तिची आई निर्धास्त होती. डबा स्टेशनवरची कुत्री खात होती. पोरगी इतकी वाळली होती की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या, आणि मी तिच्याशेजारी बसून रोज दोन वेळा जेवत होतो.

मी तिला कारण विचारलं. विचारलं म्हणजे पाऊण तास बोललो. ती खाली बघत राहिली. बायको, इंदू, दाराशी उभी होती. माझी थोरली बहीण अक्का नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असे. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोरनं डोकं नही बिघडेल, भाऊ. घरमा बठ्ठा आवाज तुनाच शे."

"सगळा आवाज माझाच? अक्का, तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो आणि पुन्हा बोलू लागलो.

जळगावच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. आजार सापडला नाही. "हिला गोळ्या देऊन उपयोग नाही," ते म्हणाले. "धुळ्याच्या एका दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाई आहेत. घरातल्या सगळ्यांना घेऊन जा."

"आजारी एकटी आहे, सगळे कशाला?" मी विचारलं. डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

एरंडोलला गाडी बदलून आम्ही चौघं धुळ्याला पोचलो. बाई जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसच्या. मी मनात म्हटलं, ही माझी विद्यार्थिनी शोभेल. त्यांनी समजावून सांगितलं, "या पद्धतीत आम्ही एकट्या मुलीला दुरुस्त करत नाही. ती घरात राहते, शाळेत जाते. तिथे काय बदललं म्हणजे तिला बरं वाटतं, ते शोधायचं. आणि बरं वाटतंय की नाही हे अंदाजाने ठरवायचं नाही. रोज लिहून ठेवायचं." पद्धत मला आवडली. शिस्तीची होती. आता ही बाई या तिघींना सुधारणार, अशी माझी समजूत झाली.

"शैला, तुला शाळेत जाताना काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"तिला गणिताची भीती वाटते," मी सांगितलं.

"इंदूताई, तुमचं काय म्हणणं?"

"हिचं म्हणणं असं की—"

"सर, मी त्यांना विचारलं."

"तेच सांगतोय. हिला बोलायची सवय नाही."

मग बाईंनी अक्काला विचारलं. मी तोंड उघडलं, तोच बाईंनी मला उठवून माझी खुर्ची खिडकीशी ठेवली आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं तुम्ही फक्त ऐका." वर्गात बोलणाऱ्या मुलाला मी असाच उठवून कोपऱ्यात बसवत असे. चार मिनिटं कशीबशी काढली. पाचव्या मिनिटाला शिपाई फाईल विचारायला आला, तर तिचा रंगही मीच सांगितला.

शेवटी बाईंनी विचारलं, "सर, वडील म्हणून तुम्ही शैलासाठी केलेली एखादी चांगली गोष्ट सांगा."

याचीच मी वाट पाहत होतो. सहामाहीचे निकाल मी प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवले होते. नापासांमध्ये माझीच मुलगी निघाली. दुसरा कोणी असता तर नाव गाळलं असतं. मी नऊशे मुलांसमोर खणखणीत आवाजात वाचलं, 'कुमारी शैला, गणित, पन्नासपैकी नऊ.' मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. असा निःस्पृह माणूस पाहिला नाही म्हणाले. पुढे महिनाभर जेवताना मी तिला रोज त्या नऊची आठवण देत होतो, तिचं भलं व्हावं म्हणून. हे सगळं मी बाईंना रंगवून सांगितलं आणि शाबासकीसाठी थांबलो.

शैलाने हात वर केला. आपल्याच आईबापांत बसलेली पोरगी बोलण्यासाठी हात वर करून बसली होती.

"बोल," बाई म्हणाल्या.

"नऊ नव्हते. एकोणीस होते."

"काय?" मी म्हणालो.

"पन्नासपैकी एकोणीस. मी पास होते."

गुणांची यादी माझ्याकडे कार्बन लावलेली आली होती. तिसरी-चौथी प्रत असावी, नऊच्या आधीचा एक उमटलाच नव्हता. आणि मूळ पेपर बघायचं मला सुचलं नव्हतं.

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"हात वर केला होता. तुम्ही म्हणालात, हात खाली." मग म्हणाली, "मुली मला नऊबाई म्हणतात."

मी इंदूकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पेपर बघितला होता मी," इंदू म्हणाली. "दोनदा सांगायला आले. तुम्ही म्हणालात, गणितात तू बोलू नकोस."

अक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

घरी जाताना बाईंनी एक वही दिली. इंदूने रोज लिहायचं: शैला शाळेत गेली का, किती जेवली, आणि तिसऱ्या रकान्यात सरांनी किती वेळा भाषण दिलं. तिसऱ्या रकान्याला मी जोरदार हरकत घेतली. दहा मिनिटं बोललो. इंदूने तीच पहिली नोंद केली.

जेवताना मी बोलायचं नाही, असं ठरलं. पहिल्या दिवशी आमच्या घरात भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू आला. तिसऱ्या दिवशी शैला आणि अक्का कशावरून तरी हसल्या. आठवड्याने पोरीने भाजी मागून घेतली. एकीकडे बरं वाटत होतं. दुसरीकडे वही सरळ सांगत होती की मी गप्प बसलो त्या दिवशी पोरगी दोन भाकऱ्या खाते आणि बोललो त्या दिवशी अर्धी. पंचवीस वर्षं बोलून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचावं लागत होतं.

बाई स्वतः धरणगावला आल्या, वर्गशिक्षकांशी आणि शैलाच्या दोन मैत्रिणींशी बोलल्या. त्या मुली रोज तिला घ्यायला घरी येऊ लागल्या. आता एकच काम राहिलं होतं, आणि ते माझं होतं. जिथे नऊ वाचले तिथेच उभं राहून एकोणीस सांगायचे.

मी रात्रभर मुद्दे काढले. सकाळी प्रार्थनेनंतर उभा राहिलो. सत्याचं महत्त्व, चूक कबूल करण्याचं धैर्य, शिक्षकाचं दायित्व, सगळं सांगितलं. घंटा झाली. मुलं वर्गात गेली. मुख्याध्यापकांनी पुन्हा पाठ थोपटली. खोलीत येऊन पाणी प्यायलो तेव्हा लक्षात आलं, एकोणीस हा शब्द उच्चारायचाच राहिला.

संध्याकाळी मी शैलाला म्हणालो, "उद्या सांगतो."

"एकच वाक्य बोला, आप्पा," ती म्हणाली. त्या हिवाळ्यात ती मी न विचारता माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

दुसऱ्या दिवशी मी एकच वाक्य बोललो. "शैलाला गणितात एकोणीस गुण होते, मी नऊ वाचले, चूक माझी." कोणी पाठ थोपटली नाही. मागच्या रांगेत मुलं हसली. शैलाने मान वर केली नाही. पण त्या दिवशी ती स्टेशनवर गेली नाही. मार्चात परीक्षेला बसली आणि पास झाली.

निकालानंतर आम्ही शेवटचे धुळ्याला गेलो. बाईंनी वही चाळली आणि शैलाला विचारलं, "आता पुढे?"

"अकरावी इथेच. धुळ्याला. होस्टेलला राहीन."

मला हे नवीन होतं. इंदूला माहीत होतं. अक्काने पांघरूणसुद्धा शिवून ठेवलं होतं. धरणगावला बारावीपर्यंत कॉलेज होतं, घरापासून चालत दहा मिनिटांवर. तोंडाशी आलेलं भाषण मी आवरलं.

"आणि घरात काय बदललं?" बाईंनी विचारलं.

शैलाने विचार केला. "आप्पा आता प्रश्न विचारून थांबतात."

"ऐकतात?"

"थांबतात," शैला म्हणाली.

बाईंनी तेवढंच लिहून घेतलं. हा माझ्यावर अन्याय होता. मी खुलासा करायला तोंड उघडलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, इंदूने वही उघडली, आणि खुलासा सुरू व्हायच्या आतच त्याची नोंद झाली.