चांद्याच्या फोटोतला टोप

माह्या नवऱ्याले सारं गाव 'सायब' म्हने, आन त्याइची पाठ फिरली का हासे. मी बी हासो. बायको झाली म्हनून काय झालं, डोळे तर होते ना मले!

मूलच्या राईस मिलमधी काट्यावर होते हे. धानाचे पोते मोजाचं काम. दिवसभर कोंडा उडते, मानसं बनियनवर राहातेत. आन आमचे गुनवंतराव कसे जात? छातीखालपर्यंत चढवलेली ढगळ पॅन्ट, समोर चुन्या, खाली मोहरी येवढी रुंद का एका पायात दोघं जन मावतीन. पॅन्टीले पट्टा नाई, खांद्यावरून गॅलिस. वरतून कोट, वैशाखात बी. पायात पांढरे-काळे दुरंगी बूट. डोक्यावर फेल्टचा टोप, कड एका डोळ्यावर वाकवलेली. गावातले पोरं जीन घालून फटफट्या पळवून राह्यले, आन हा मानूस सत्तर वर्साआधीच्या कपड्यात सायकलवर!

मी म्हनो, "अवो, दंडारीच्या खेळातून पळून आल्यावानी दिसता जी." ते शांतपनं बुटाची नाडी बांधत. म्हनत, "कमळा, मानसानं नीट कपडे घालून घराबाहेर पडावं. वापस येनं होते का नाई, कोनाले ठाऊक." तवा मी हासून सोडून देल्लं.

त्याचं कारन भितीवर टांगलं होतं. एक फोटो, यायच्या बाबाचा. चांद्याच्या स्टुडिओत काढलेला. आता चंद्रपूर म्हनतेत, आमी चांदाच म्हनतो. फोटोत हाच कोट, हेच गॅलिस, हीच पॅन्ट, हाच टोप. बाप गेला तवा हे दीड वर्साचे. त्याचा ना आवाज ठाऊक, ना चाल. जो काय होता तो बाप त्या चौकटीत होता. पहिला पगार झाला तशे फोटो घेऊन टेलराकडे गेले आन म्हने, हे असंच शिव. चाळीस वर्सात कपडे फाटले, नवे शिवले, बेत कधी बदलला नाई.

मंग एक दिवस मी शेजारच्या सोनीबाईच्या घरी गेली होती. तिच्या सासऱ्याचा फोटो पुसाले काढला होता. पायतो तर काय? तोच कोट! तोच टोप, कड तिथंच वाकलेली, कोटाचं तिसरं बटन तसंच तुटलेलं. अगा माय! स्टुडिओवाला एकच कोट येईल त्याले घालून देत होता. माह्या सासऱ्यानं बिचाऱ्यानं जनमभर धोतर-बंडीच घातली असन. घरी येऊन मी तोंड उघडलं नाई. ज्याचा बापच एका फोटोयेवढा, त्याच्या बापाच्या अंगावरचा कोट कसा काढून घ्याचा? मले लय माया वाटली त्या दिवशी यायची.

आता वाघाचं सांगतो.

दोन सालापासून आमच्या भागात वाघ गावाले लागून फिरून राह्यला. पहिले बकऱ्या गेल्या. मंग बैल. मंग फागुनात टोल्यावरचा पोचू नावाचा मानूस धानाच्या बांदीत बसला होता, तिथूनच ओढून नेला. फारेस्टवाले भोंगा लावून फिरत, एकट्यानं जंगलात जाऊ नका, वाकून काम करू नका. बापा, वाकल्याबिगर कोनतं काम होते आमच्याकडे? संध्याकाळ झाली का सारे दारं बंद. कुत्रे बी भुकत नोहते. कुत्रे भुकत होते तवाच बरं वाटे.

त्याच दिवसात एका संध्याकाळी हे उशिरा आले. सायकल हातात धरून, पायदळ. कोट चिखलानं भरला, कोपर सोललं, टोप तेवढा डोक्यावर. वडाखाली मानसं बसली होती, सारे उठले. "काय झालं सायब?"

हे थांबले. टोप नीट केला. म्हने, "वाघ होता. बोडीच्या पाळीवर, पान्याच्या काठाले, आडवा. मी सायकलवरून उतरलो. टोप काढून त्याले रामराम केला, टोप पुन्हा घातला. त्यानं माह्याकडे पायलं आन रस्ता सोडला."

कोनी हासलं नाई. चाळीस वर्सात पहिल्यांदा कोनी हासलं नाई.

सकाळी मी पॅन्ट धुवाले घेतली. उजवी मोहरी चिरलेली, आन तिच्यावर काळ्या तेलाचे ठिपके, ओळीनं, एकसारखे. घासलेट लावून घासली तरी निघेनात. मी तशीच ओली पॅन्ट घेऊन आत गेली. "का जी, वाघाच्या दातालेबी ग्रीस लागते काय?"

 हे खाली पाहून बोलले. "मोहरी सायकलच्या चेनीत अडकली, कमळा. बोडीजवळ पडलो. मिलमधले पोरं म्हनतच होते, ह्या पॅन्टीपायी सायब एक दिवस पडन म्हनून. वडाखाली सारे पाहून राह्यले होते. तोंडून वाघ निघाला."

मी हासली. पोट दुखेपर्यंत हासली. म्हटलं, जाऊ द्या, एक थाप मारली तर कोनाचं काय जाते? हे माहंबी चुकलं. तवाच चार लोकांत कान धरून आनलं पाह्यजे होतं.

गावानं ती थाप उचलली. सोनीबाई म्हने, पहिलेचे शिकारी सायब असाच टोप घालून येत, वाघाच्या रक्तात त्या टोपाचं भेव हाय. दुसरा कोनी म्हने, माह्या आज्यानंबी सांगतलं होतं. गावाच्या शिवेवर वाघदेव हाय आमचा, शेंदूर लावलेला लाकडाचा खांब. तिथी एक दिवस मानसायनं यायच्या टोपाले कुंकू लावून आनलं. आन हे? हे खूश! मिलमधले पोरं उठून रामराम करून राह्यले, कोनी पाठीमागं हासत नाई. दर खेपेले सांगताना वाघ हातभर लांब होऊन राह्यला. मी डोळे मोठे केले तर म्हनत, "राहू दे ना कमळा. चाळीस वर्स झाली." माह्या जिवाले घोर लागला होता. पन त्याइचा चेहरा पायला का मी गप बसो.

चैत लागला आन मोह पडाले लागला. मोहाचं फूल कोनासाठी थांबत नाई. पहाटे पडते, उजाडता वेचलं तर आपलं, नाई तर डुकराचं. गावाजवळचे झाडं साऱ्यायनं वेचले. वाघदेवापलीकडे पाच-सहा मोठे झाडं, तिथी कोनी जाऊन नोहतं राह्यलं.

दिव्यानी आली. सोनीबाईची सून, बाविशीची पोरगी. नवरा निकेश घुग्घुसले खानीत, आठ-पंधरा दिवसानं येते. कडेवर लेक. "काका, उद्या सकाळी टोप द्या ना जी. पलीकडच्या झाडाखाली फुलाचा सडा पडून सडून राह्यला. टोप घालून जाईन, वेचून आनीन, वापस देईन."

  हातातला चहा खाली ठेवला यायनं.

"पोरी, वाघ नोहता," हे म्हने.

"आँ?"

"नोहता वाघ. मी चेनीत अडकून पडलो. कमळा, पॅन्ट आन."

मी पॅन्ट आनली, चिरलेली मोहरी, ग्रीसचे ठिपके, सारं दाखवलं. हे हात जोडून सांगत होते. चाळीस वर्सात मी त्याइले येवढं लहान झालेलं पायलं नोहतं. दिव्यानीनं पॅन्ट पायली, आमच्याकडे पायलं, आन हासली. "द्याचा नसन तर नाई म्हना ना काका. येवढं खोटं काऊन बोलता?"

कुंपनाच्या पलीकडून सोनीबाईनं ऐकलं. तिचं तोंड कोन धरते! "राहू दे वं दिव्यानी. सायब छातीवर बांधून घेऊन जाईन त्याचा टोप!"

त्या दिवशी हे जेवले नाई. म्हने, "कमळा, खोटं बोललो तर साऱ्यायनं मानलं. खरं बोललो तर एका पोरीनं मानलं नाई."

सकाळी मी सडा टाकाले उठली. झुंजुरकं झालं होतं. छपरीत खुटीकडे पायलं. टोप नोहता. शेजारी नेतेत तसा दिव्यानीनं नेला होता, न इचारता, वापस आनून ठेवाच्या हिशोबानं. आमच्या इथी पावशी, कुऱ्हाड, सूप असंच जाते-येते. मी आवाज देल्ला, "अवो, टोप नाई खुटीवर!"

हे उठले तसेच निघाले. लुंगी, बनियन, पाय उघडे. जो मानूस कोटाबिगर दुकानात बिड्या आनाले गेला नाई, तो तसाच रस्त्यानं पळाला. आन मी काय वरडली सांगू? "अवो, कोट!" म्हनून वरडली. माहं तोंड जळो. दुसरं काई सुचलंच नाई. मंग भानावर आली आन दारोदार बोंबलत गेली, काठ्या घ्या, डबे घ्या, चला.

पुढचं दिव्यानीनं सांगतलं. टोप तिले मोठा होत होता, डोळ्यावर येत होता. ती वाकून वेचत होती. मांगं गवत हाललं, तिले दिसलं नाई. यायचा आवाज ऐकू आला, "दिव्यानी! उभी राह्य! वाकू नको, उभी राह्य!" ती उभी झाली. टोप मांगं सारला तवा तिले गवत बी दिसलं आन गवतातलं बी दिसलं. हे पळत आले ते तिच्या आन गवताच्या मधी येऊन थांबले. म्हने, पळू नको, मांगं मांगं सरक. ती सरकली. हे नाई सरकले.

आमी डबे वाजवत पोचलो तवा झाडाखाली टोपली सांडली होती आन लुंगी पडली होती. पुढचं मी नाई सांगत.

फारेस्टवाले आले, पंचनामा झाला, झाडाले कॅमेरे बांधले. मी यायच्यासंगं जाळाले कोट देल्ला, गॅलिस देल्ले, बूट देल्ले. चिरलेली पॅन्ट तेवढी ठेवली. टोप दिव्यानीकडे राह्यला होता.

तेरवीच्या दिवशी मी बाहेर आली तर टोप खुटीवर. कुंकू लावलेला, फूल वाह्यलेलं. खाली आंगनात सात-आठ बाया. सोनीबाई माह्या पायाशी बसली, रडली, खरं रडली. मंग डोळे पुसून म्हने, "कमळाबाई, टोप होता म्हनून पोरगी वाचली. सायबाच्या डोक्यावर टोप नोहता म्हनून ते गेले. आता डोळ्यानं पायलं साऱ्यायनं. एकेक दिवस एकेकीले दे वं. मोह अजून पंधरा दिवसच हाय."

 यायचं मरन बी त्या थापेच्या कामाले लागलं होतं.

मी पॅन्ट आनली. ठिपके दाखवले. त्या एकमेकीकडे पाहात राह्यल्या, बिचारीचं डोकं फिरलं म्हनून. मंग मी भितीवरचा फोटो काढला. सोनीबाईले म्हटलं, "जाय, तुह्या सासऱ्याचा आन." तिनं आनला. दोन्ही बाजूबाजूले ठेवले. इतके दिवस नवऱ्यापासून लपवलं ते सांगतलं. "पाय, एकच टोप. स्टुडिओतला. ना माह्या सासऱ्याचा, ना तुह्या. शिकारी सायबाचा बी नाई. या टोपात काईच नाई, बाई!"

 सोनीबाईनं दोन्ही फोटोले हात जोडले.

"म्हनूनच," ती म्हने, "म्हनूनच माहा सासरा जनमभर रानात फिरला, पन वाघानं कधी हात नाई लावला."

मंग मी टोप खुटीवरून काढला, आत गेली आन चुलीत घातला. फेल्ट लवकर पेटत नाई. केस जळल्यावानी वास सुटला. बाया धावत आत आल्या, सोनीबाईनं शिव्या देल्ल्या, कोनी चिमटा शोधाले लागलं. मी चुलीपुढून हाललीच नाई.

दिव्यानी दारात उभी होती, लेक कडेवर. तिनं शिव्या देल्ल्या नाई. फक्त रडून राह्यली होती.

"काकू," ती म्हने, "मंग उद्या मी काय घालून जाऊ?"