वरातीपुढं उलटे चालणारे सर

औरंगाबादेत त्या काळी निघालेल्या वरातींत नवरदेवाच्या खालोखाल कुणाचे फोटो निघाले असतील, तर ते आमच्या सरांचे. नात्यातले म्हणून नव्हे. सर विद्यापीठात आम्हाला संगीत शिकवत आणि बँडवाले, कव्वाल, वस्त्यांमधले गायक लोकांसमोर कसे गातात-वाजवतात, यावर संशोधन करत. गळ्यात टेपरेकॉर्डर, हातात वही आणि बँडकडं तोंड करून उलटं चालायचं, ही त्यांची पद्धत. गुलमंडीवर एकदा ते असेच चालत थेट उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन आदळले. बँडमास्तर काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, हात जोडतो, कडंनं चला. तुमच्यापायी घोडं बिचकायलंय!" सरांनी खाली बसल्या बसल्याच वहीत नोंद केली, 'श्रोता पडला, ताल पडला नाही.'

वर्गात तर त्याहून कहर. "सुरात गाणं घरी शिका. लोक उठून चालले की काय करायचं, ते इथं शिका," असं म्हणून ते अर्ध्या वर्गाला शेंगदाणे वाटत आणि गाणाऱ्याकडं पाठ करून गप्पा मारायला लावत. मी पहिल्यांदा गायला उभी राहिले, तेव्हा सर स्वतःच पिऊन आलेला वऱ्हाडी झाले आणि झुलत झुलत येऊन म्हणाले, "ओ बाई, हे नको, दुसरं म्हणा!" मला रडूच फुटलं. सर ताबडतोब शुद्धीवर आले, खिशातला रुमाल पुढं केला आणि कौतुकानं म्हणाले, "रडलीस, पण ठेका सोडला नाहीस. शाबास!"

तेव्हा वाळूजला कारखाने वाढत होते आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं होतं. सरांना बजाजनगरात एक गायक सापडला. मूळचा पिशोरचा, आठवडाभर कारखान्यात प्रेस मशीन चालवायचा आणि रविवारी वस्त्यांमधून भीमगीतं गायचा. सरांनी त्याला पाहुणा शिक्षक म्हणून सरळ वेळापत्रकातच घातलं. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती सरांनाच मिळणार, असं सगळे धरून होते. सहकाऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, "परिस्थिती निवळू द्या, मग बोलवा."

सर म्हणाले, "वेळापत्रकात मंगळवार लिहिलाय. परिस्थिती कुठंच लिहिलेली नाही."

मंगळवारी वर्गाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडं आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गायक पहिल्या पाळीवरून तसाच आलेला, शर्टाला ग्रीसचे डाग. तो माघारी वळला. "सर, मी सातवी नापास. शिकवणार काय?" सरांनी त्याला हाताला धरून बाहेरच्या पायऱ्यांवर सगळ्यात वर बसवलं आणि स्वतः सगळ्यात खालच्या पायरीवर वही उघडून बसले. "ऐन गाण्यात आवाज बसला, तर काय करता?"

"गर्दीला म्हणायला लावतो. आन् तवर आपण पाणी पिऊन घेतो."

आम्ही खो खो हसलो. हसणं ऐकून गायकाची भीड चेपली आणि तो गायला लागला. शेजारच्या विभागांच्या खिडक्या उघडल्या. काही धाडकन बंदही झाल्या. सर मान खाली घालून लिहीत राहिले.

विभागप्रमुखाची जागा पुढं त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान माणसाला मिळाली. सरांनी त्याला स्वतःच्या हातानं हार घातला. पुढं विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव आलं, तेव्हा ते एकटेच बघून आले म्हणे.

ती जागा गेली, त्या वर्षी पोळ्याला ते गावी निघाले होते. त्यांची पिशवी घेऊन मी बसस्टँडवर गेले होते. विचारू नये ते विचारलं, "सर, ती जागा गेली, त्याचं वाईट वाटतं का हो?"

"वाटतं की. लई वाटतं," सर म्हणाले. ते असं गावाकडचं सहसा बोलत नसत. "पण त्याच्याहून भावाचं वाटतं. त्या मंगळवारी मी गायकाच्या खालच्या पायरीवर बसलो, ही बातमी गावात गेली, तेव्हापासून तो बोलत नाही. वहिनी वाढते, आम्ही दोघं शेजारी जेवतो, आणि मी परत येतो."

"मग जाता कशाला?"

"एखाद्या वर्षी बोलेल."

कंडक्टरनं घंटी मारली. सर चढले, त्यांना खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तरी मी पिशवी हातात घेऊन तिथंच उभी होते. मग भानावर येऊन धावले आणि खिडकीतून ती आत दिली. वरच्या कागदाच्या पुड्यात भावासाठी घेतलेली गोड इमरती होती, अजून गरम.