आखूड धरलेला दोर

घोडा लंगडतो आहे की नाही, हे त्याच्या पायांपेक्षा मानेवरून लवकर कळतं. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की भार चुकवायला तो मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की मान खाली येते. हे मला मामांनी शिकवलं, मी शाळेत असताना, जेवता जेवता स्वतःची मान वरखाली करून.

"आणि माणसाचं?" मी विचारलं होतं.

"माणसाचं तोंडावर दिसतं," मामी आतून म्हणाली. "यांचं सोडून."

मामा रेसकोर्सच्या पागेत मोतद्दार होते. तीन घोडे त्यांच्या हाती असत. त्यांचा खरारा, चारापाणी, सकाळचं फिरवणं, संध्याकाळी पाय धुऊन पट्ट्या बांधणं, सगळं त्यांच्याकडे. पागेतही लहानथोर त्यांना मामाच म्हणत. त्यामुळे लहानपणी मला आईच्या बहिणींची संख्या नेमकी किती, याबद्दल बरेच दिवस शंका होती. मामा कमी बोलत. घरी आले की आधी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धूत, तरीही त्यांच्या अंगाला सुक्या गवताचा वास राहायचाच. मामी म्हणायची, सवत परवडली, निदान तिला नावं ठेवता येतात.

शर्यतीच्या दिवशी सकाळी पागेमागच्या काँक्रीटच्या गल्लीत घोड्यांची तपासणी असे. मोतद्दाराने घोड्याला दोर धरून दुडक्या चालीने तीस पावलं न्यायचं, वळवायचं आणि परत आणायचं. घोड्यांच्या डॉक्टरबाई बघत उभ्या. दोर हातभर सैल सोडायचा, म्हणजे मान मोकळी राहते आणि काही दुखत असेल तर दिसतं. नवखे मोतद्दार भीतीपोटी जबड्यालगत मूठ आवळतात. काही बनेल लोक तेच मुद्दाम करतात, कारण चार बोटांवर धरलेला घोडा मान हलवूच शकत नाही. म्हणून डॉक्टरबाई दर दोनतीन घोड्यांमागे ओरडत, "दोर सोडा." त्या इथे आल्यापासून नऊ वर्षांत मामांना त्यांनी ते एकदाही सांगितलं नव्हतं. मामांचा दोर सैलच असणार हे ठरलेलं होतं, आणि मामांना आयुष्यात अभिमान असलाच तर त्या एका गोष्टीचा होता.

त्या वर्षांत रेसकोर्सचे दिवस फिरले होते. मालकांची मुलं घोड्यांत लक्ष घालत नव्हती. शिंगरं जन्माला घालणारे दोन मोठे फार्म बंद झाले होते. प्रेक्षकांत पांढऱ्या केसांची माणसं तेवढी उरली होती, आणि दर शर्यतीला फाटकाबाहेर तरुण मुलंमुली शांतपणे फलक धरून उभी राहत: घोड्याला विचारलंत का? मामा त्यांच्यासमोरून सायकल हातात धरून चालत जात. एकदा मला म्हणाले, "त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. पण मी विचारतो रोज. त्यांना कसं सांगणार?"

वरच्या मंडळाने नियम घातला होता. वर्षात बारा दिवस शर्यती झाल्या पाहिजेत आणि एका शर्यतीत किमान पाच घोडे हवेत, नाहीतर ती रद्द. एक शर्यत रद्द झाली तरी तो दिवस धरला जायचा नाही. बारा दिवस भरले नाहीत तर परवाना गेला. घोडे आधीच थोडे, त्यात त्यांच्या तब्येती. क्लबचे सेक्रेटरी दर शर्यतीच्या सकाळी पागेत बोटांवर घोडे मोजत फिरायचे. सज्जन माणूस. पूर्वी त्यांना कोण कुठल्या खोलीत बांधलेला आहे हेही माहीत नसे. आता सगळ्यांची शिंक, खोकला पाठ झाला होता.

मामांकडे तेव्हा एक कुमैत, तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी होती. शर्यतीच्या पुस्तकात तिचं नाव लांबलचक होतं. मामा तिला शहाणी म्हणत, कारण चाऱ्याची पाटी रिकामी झाली की ती ओरडत बसत नसे, नाकाने पाटी ढकलत दारापर्यंत आणून ठेवी आणि मामांकडे बघत उभी राही.

मोसमातला तो अकरावा दिवस. सकाळी मामांनी सवयीने तिच्या पायांवरून हाताची मागची बाजू फिरवली. पुढच्या डाव्या पायाचा सांधा कोमट लागला. त्यांनी उजवा बघितला, परत डावा, परत उजवा. फरक होता, पण नव्हता म्हटलं तरी चाललं असतं, एवढाच. ट्रेनर तिथे नव्हते. घोडे कमी झाल्यापासून ते दोन रेसकोर्सवर काम करत आणि त्या दिवशी दुसरीकडे होते.

सेक्रेटरी खोलीच्या दारात आले. "मामा, शेवटच्या शर्यतीला तुमची धरून पाचच उरलेत. तुमची पळाली तर दिवस भरतो."

मामांनी शहाणीची आयाळ सारखी केली.

"बरी आहे ना?"

"चालते आहे," मामा म्हणाले.

खोटं नव्हतं. ती चालत होती. सेक्रेटरींनी दोर आखूड धरा असं कधीच म्हटलं नाही, सुचवलंही नाही. हे मामा पुढे दर वेळी आवर्जून सांगत, जणू त्या माणसावर बोट जाऊ नये ही त्यांचीच जबाबदारी होती.

गल्लीत त्यांचा नंबर शेवटून दुसरा लागला. मामांनी शहाणीला दुडकीवर घेतलं. पाचव्यासहाव्या पावलाला दोरातून त्यांच्या मनगटाला झटका जाणवला. मान उचलली जात होती. आणि त्यांची मूठ दोरावरून वर सरकली, जबड्याखाली चार बोटांवर आली आणि तिथे आवळली गेली. "मी सरकवली," मामा सांगायचे. "आपोआप सरकली असं म्हणता येतं, पण मीच सरकवली." पागेत चाळीस कुटुंबं होती. ती सगळी त्यांना त्या क्षणी आठवली होती का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नाही. नंतर आठवली. सबब शोधताना."

डॉक्टरबाई उकिडव्या बसून पाय बघत होत्या. मामांच्या हाताकडे त्यांनी बघितलंच नाही. बघायचं कारण नव्हतं. "चालेल," त्या म्हणाल्या आणि पुढचा घोडा आला.

दुपारी शेवटच्या वळणावर शहाणी इतरांमधून बाजूला झाली आणि थांबली. जॉकी उतरला, त्याला काही झालं नाही. मामा कुंपणाखालून वाकून पळत गेले. ती तीन पायांवर उभी होती. माणसांनी भोवती हिरवा पडदा धरला. मामांनी दोर हातात घेतला, पण धरून ठेवायची गरज नव्हती. तिनेच डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं होतं. डॉक्टरबाईंनी पाय बघितला, मामांकडे बघितलं आणि शेवटचं इंजेक्शन भरलं.

दिवस भरला. बाराही भरले. चौकशीच्या कागदावर कोरड्या जमिनीचा उल्लेख आला आणि 'दुर्दैव' हा शब्द.

आठ दिवसांनी मामांनी मामीला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. चिमटे तोंडात होते ते काढून तिने मुठीत घेतले.

"डॉक्टरबाईंना सांगा."

"सांगून ती परत येणार आहे का?"

"ती नाही यायची. तुम्ही तरी याल."

मामांनी सांगितलं नाही. नोकरी जाईल, परवाना जाईल, पागेची बदनामी होईल. कारणं भरपूर होती, आणि सगळी खरी होती. पण गल्लीतल्या खांबावर कॅमेरा होता. फलकवाल्या मुलांच्या तक्रारींनंतर तपासणीचं चित्रण ठेवायची पद्धत पडली होती. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं की नाही, कोणी बोललं नाही. फक्त पुढच्या शर्यतीच्या सकाळी मामा दुसरा घोडा घेऊन गल्लीत आले, अजून पहिलं पाऊलही टाकलं नव्हतं, दोर हातभर सैल होता, आणि त्या म्हणाल्या, "दोर सोडा, मामा."

आवाज चढवून नाही. नवख्याला सांगतात तसं.

त्यानंतर दोन वर्षं, दर तपासणीला, दर घोड्याला त्या ते म्हणायच्या. बाकीच्यांनी आधी मजा घेतली. "मामा, म्हातारपणी परत पहिलीत बसलात की." मग सवय झाली. मामांना झाली नाही. शर्यतीच्या सकाळी ते जेवायचे नाहीत.

दोन वर्षांनी परत तोच पेच आला. या वेळी त्यांच्याकडे पाहुणा होता. महिनाभरासाठी म्हणून आलेला आणि कायमचा राहिलेला थोराड घोडा, म्हणून पाहुणा. मोसमातला शेवटचा, बारावा दिवस. शेवटच्या शर्यतीला पाच घोडे. पाहुण्याचा पाय कोमट. सेक्रेटरी दारात आले, काही विचारलं नाही, नुसते उभे राहिले. या वेळी मामाच म्हणाले, "साहेब, पाय गरम आहे."

"डॉक्टर बघतीलच की."

"हो. बघतील."

मामांनी दोर हातभर नाही, दीड हात सोडला. मान वरखाली, वरखाली, फाटकाबाहेरच्या मुलांनाही दिसावी अशी. डॉक्टरबाई पाच पावलांतच उठून उभ्या राहिल्या. "नाही." सेक्रेटरींनी टोपी काढली आणि परत घातली.

चार घोड्यांची शर्यत रद्द झाली. बारावा दिवस धरला गेला नाही. दोन महिन्यांनी परवाना गेला.

पागेत मामांशी बोलणं बंद झालं. शेजारच्या खोलीचा मोतद्दार, तीस वर्षांपासूनचा सोबती, एकदाच म्हणाला, "एवढाच शहाणपणा होता तर शहाणीच्या वेळी करायचा होता. दोन्ही वेळा चुकलास." मामांनी हे मला सांगितलं तेव्हा त्या माणसाबद्दल त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हिशेब बरोबर आहे त्याचा," एवढंच म्हणाले. मला तो बरोबर वाटत नाही. पण ते वाक्य मामांच्या मनात रुतलं होतं आणि माझ्या म्हणण्याने निघणार नव्हतं.

पागा बंद व्हायच्या दिवशी एकसष्ट घोडे जायचे होते. काही दुसऱ्या रेसकोर्सवर, काही घोडेस्वारीच्या शाळांत, काही कुठे ते कोणी नीट सांगत नव्हतं. ज्याच्या जायच्या ठिकाणाची नोंद नव्हती त्याला डॉक्टरबाई गाडीत चढू देत नव्हत्या आणि प्रवासाआधी प्रत्येकाची चाल बघत होत्या. सकाळी आठच्या सुमाराला तो शेजारचा मोतद्दार स्वतःचा घोडा घेऊन आला आणि दोर मामांच्या हातात दिला. "तूच पळव. तुझ्या हातातला त्या लवकर सोडतात." मग दुसरा आला, मग तिसरा. अबोला होता तो तसाच राहिला, पण दोर येत राहिले. मामा एकोणसाठ वर्षांचे होते. तीस पावलं जायचं, तीस यायचं. मामी जेवणाचा डबा घेऊन आली आणि गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ बघत उभी राहिली.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "घोडे ठीक आहेत. धरणाऱ्याकडे बघा. डाव्या पायाने लंगडतोय."

डॉक्टरबाई हसल्या. मामाही.

शेवटचा पाहुणा होता. पाय बरा झाला होता, एका शाळेत चालला होता. तो गाडीत चढला, फळी वर गेली. गल्लीत मामा आणि डॉक्टरबाई दोघंच राहिले. मामा दोर गुंडाळत म्हणाले, "शहाणीच्या दिवशी दोर आखूड होता."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे, हे मला ठाऊक होतं. पण मी सांगितलं नव्हतं."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. वही मिटली. मग म्हणाल्या, "मी हात बघायला हवा होता, मामा. मी पाय बघत बसले." आणि गाडीच्या मागे गेल्या.

हे सगळं मामांनी मला परवा पुन्हा, पहिल्यापासून सांगितलं, त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीशी बसून. तो दोर दारामागे खिळ्याला आहे. मामी त्यावर पिशव्या अडकवते आणि ते काही म्हणत नाहीत. सांगून झाल्यावर मी विचारलं, त्या दिवशी एकसष्ट घोड्यांत डॉक्टरबाई एकदा तरी 'दोर सोडा' म्हणाल्या का.

"एकदाही नाही," मामा म्हणाले.

मला बरं वाटलं, ते त्यांना दिसलं असावं.

"पण त्या दिवशी शर्यत कुठे होती?" ते म्हणाले. "आखूड धरायला कारणच नव्हतं." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या रस्त्यावरून कोणी जाताना दिसलं की त्यांची नजर आधी त्याच्या मानेवर जाते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.