वायसर आणि एकोणीस किलोमीटर

त्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता, हे आधीच सांगून टाकते. तो अगदीच चुकीचा नव्हता, हेही.

त्याला सगळे वायसर म्हणत. शर्टाच्या खिशात त्याच्याकडे तारेत ओवलेली वायसरांची माळ असायची. सायकलीचं काहीही खुळखुळायला लागलं की तो माळेतलं एक काढून लावायचा आणि खुळखुळ बंद. खरं नाव कागदपत्रांवर असेलच, पण त्याच्या सहल-कंपनीतल्या बाईंनीसुद्धा फोनवर मला सांगितलं होतं, "तुमच्याबरोबर वायसर येईल, काळजी करू नका." मी लगेच काळजी करायला लागले.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. फोनवर अंतर मोजायची सोय तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. माझ्या लेकीने सायकलवरून बेट ओलांडायची सहल ठरवली होती. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पाच दिवस, तीनशे किलोमीटर. बरोबर जावई आणि बँकेत नोकरी करणाऱ्या दोघी बहिणी. मी त्रेसष्ट वर्षांची, सायकलवर बसणार नव्हते. मागून सामानाची गाडी यायची, तिच्यात चालकाशेजारी माझी जागा. तोच चालक, तोच फिटर, तोच वाटाड्या, म्हणजे वायसर.

तीनशे हा आकडा लेकीच्या वडिलांचा. ती मॅट्रिक झाली तेव्हा ते म्हणाले होते, आपण दोघं एकदा तीनशे किलोमीटर जाऊ, समुद्रापासून समुद्रापर्यंत. मग नोकरी, बदल्या, गुडघे, आणि शेवटी ते गेलेच. त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. निघताना लेक मला म्हणाली, "आई, तीनशे पुरे झाले की मीटरचा फोटो काढायचा आणि बाबांच्या फोटोशेजारी लावायचा." मीटर म्हणजे सायकलच्या मुठीशी लावलेला काडेपेटीएवढा डबा. चाक किती वेळा फिरलं ते मोजून तो अंतर दाखवायचा.

मी अकराव्या वर्षापासून डायरी लिहिते. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टरनी शिकवलं होतं, आधी दिसलं ते लिही, मग वाटलं ते, आणि दोन्हींच्या मध्ये एक ओळ मोकळी सोड. ती ओळ मी आजही सोडते. त्या सवयीने मी रोज निघताना आणि पोचल्यावर गाडीच्या मीटरचाही आकडा टिपत होते. त्यात काही हेतू नव्हता. मी दवाखान्यात गेले तरी रांगेत किती माणसं होती ते लिहिते.

पहिला दिवस सपाटीचा. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे माडांची झाडी, आणि हवा अशी दमट की वहीची पानं पापडासारखी वाकली. वायसर खिडकीतून कान बाहेर काढून गाडी चालवायचा. मधेच म्हणायचा, निळ्या सायकलची चेन कोरडी आहे. मग थांबून तेल घालायचा, आणि ती खरंच कोरडी असायची. मी लिहिलं: "कान चांगला आहे. माणूस कसा आहे ते कळत नाही."

गप्पांत त्याने सांगितलं की सायकलच्या कारखान्यात तो नऊ वर्षं चाकं सरळ करायचा. दुपारी चहाला बँकेतल्या बहिणींना सांगताना त्याची बारा वर्षं झाली होती. मी दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवले. जो माणूस सकाळी नऊ आणि दुपारी बारा सांगतो त्याच्या हाती आपली पोर उताराला सोडायची म्हणजे जरा अवघडच.

दुसऱ्या दिवशी चढ सुरू होणार होता. उजाडता उजाडता मी व्हरांड्यात आले तर वायसर सायकलींपाशी वाकलेला. काय करताय, विचारलं. ब्रेक बघतोय म्हणाला. ब्रेक बघणारा माणूस चाक फिरवून बघतो. याने चाकाला हातही लावला नव्हता. मुठीशी काहीतरी दाबत होता, एका सायकलवरून दुसऱ्या सायकलवर. आत जाऊन मी आधी माझी पर्स बघितली, मग लेकीची. सगळं जागच्या जागी होतं. त्याने संशय कमी झाला नाही, फक्त बेघर झाला.

त्या दिवशी घाटाच्या तोंडाशी त्याने सगळ्यांना डावीकडच्या मळ्यातल्या वाटेने वळवलं. मोठ्या रस्त्याचं काम चाललंय म्हणे. मी मान वळवून बघितलं. मोठा रस्ता रिकामा होता आणि काम करणारं कुणीही दिसत नव्हतं. दुपारी जावयाचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता, तरी संध्याकाळी खुर्चीत पाय पसरून त्यांनी मीटरचा आकडा वाचून दाखवला: बासष्ट. हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. आकडा वाचायचा, मग पोटऱ्या चोळायच्या, मग परत आकडा वाचायचा. माझ्या डायरीत गाडीचे झाले होते छप्पन. पहिल्या दिवशी दोन्ही बासष्ट होते.

म्हटलं, माझीच चूक असेल. पण तिसऱ्या दिवशीही वाट मळ्यातूनच, आणि सायकलींचे छप्पन तर गाडीचे एकोणपन्नास. त्या दिवशी आणखी एक झालं. दुपारी बाराला निळ्या दाराच्या एका घरापुढे वायसरने गाडी थांबवली. दारात एक बाई उभीच होती. तिने त्याच्या हातात डबा दिला, त्याने तिला रिकामा डबा दिला. दोघं एक अक्षर बोलली नाहीत. गाडीत बसल्यावर मी विचारलं, कोण?

"बायको."

"बोलली नाही काही?"

"माझ्याशी बोलायला तिला आठवड्याची सुट्टी लागते, बाई." तो मला पहिल्यापासून बाई म्हणायचा. तुम्ही मास्तरीण होतात ना, असं एकदा विचारलंही होतं त्याने. मी वाचनालयात होते म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे तेच, फक्त पोरं गप्प बसलेली.

चौथ्या दिवशी मी परीक्षाच घेतली. रस्त्याच्या कडेला अंतराचे जुने दगड होते, निम्मे वेलींत बुडालेले. मधल्या विश्रांतीला असा एक दगड सापडला. लेकीला तिचा मीटर किती ते विचारून घेतलं. बरोबर पाच किलोमीटरवरच्या दगडाशी पाणी प्यायचं निमित्त करून सगळ्यांना थांबवलं आणि परत विचारलं. दगडांचे पाच होते, मीटरचे साडेपाच. लेक म्हणाली, "आई, तुला सायकल शिकायचीय का?" मी दोन्ही आकडे टिपून घेतले. संध्याकाळपर्यंत गाडीचे चोपन्न आणि सायकलींचे साठ झाले. चार दिवसांचे मिळून लेकीच्या मीटरवर दोनशे चाळीस आणि माझ्या डायरीत दोनशे एकवीस. एकोणीस किलोमीटर कुणीतरी गिळले होते, आणि उद्या माझी लेक समुद्राशी उभी राहून बाबांच्या नावाने खोटा फोटो काढणार होती.

वायसर मुक्कामाच्या व्हरांड्यात एक चाक उलटं टांगून सरळ करत बसला होता. मी डायरी उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने हात पुसले आणि एकेका आकड्याखालून बोट फिरवलं. चाक आपलं आपणच फिरत होतं.

"गाडीचा मीटर तुम्ही रोज लिहिता?"

"लिहिते."

"या नोकरीच्या अकरा वर्षांत कुणी लिहिला नाही," तो म्हणाला. नाराज वाटला नाही. एखादं चाक अनपेक्षितपणे सरळ निघावं तसा चेहरा झाला होता त्याचा.

मग त्याने सगळं सांगितलं. मीटरला चाकाचा घेर सांगावा लागतो. घेर खोटा वाढवून सांगितला की चाक तेवढंच फिरतं आणि आकडा मोठा येतो. चढाच्या दिवशी तो पहाटे घेर वाढवायचा आणि मळ्यातून जवळची वाट घ्यायचा. मोठ्या रस्त्याच्या खऱ्या चढावर माणसं खचतात. एकदा गाडीत बसलेला माणूस परत सायकलवर बसत नाही, शेजारी बसून समुद्रापर्यंत रडतो.

मी म्हटलं, माझी लेक खचली नसती.

"तुमची लेक नसती खचली. जावई खचले असते." त्याने चाक थांबवलं. "आणि जावई गाडीत बसले असते तर लेकही बसली असती. बाई, नवऱ्याला गाडीत बसवून पुढे गेलेली बायको मी अजून बघितलेली नाही. उलटं दर महिन्याला बघतो."

मी दुसरं विचारलं. जवळची वाट तुमच्या घरावरून जाते, हा योगायोग का?

"नाही."

"मग वाट जावयासाठी की डब्यासाठी?"

"दोन्हीसाठी," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

तेव्हाच मी नऊ आणि बाराचंही विचारून घेतलं. त्याला हसू आलं. कारखान्यात नऊ वर्षं काम केलं होतं. मग कारखाना बंद पडला, तेव्हा उद्या उघडेल, परवा उघडेल म्हणत तीन वर्षं तो रोज डबा घेऊन गेटसमोर बसायचा. बायको डबा भरायची, तीही काही बोलायची नाही. "ती तीन वर्षं कुठे लिहू? काम केलं नाही, पण गेलो तर होतोच. माणूस बघून सांगतो. तुम्हाला नऊ सांगितली, कारण तुम्ही लिहीत होतात."

त्याची नोकरी माझ्या एका फोनवर जाऊ शकत होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. पण मला ती नको होती. मला माझे एकोणीस किलोमीटर हवे होते. तसं सांगितल्यावर त्याने थोडा विचार केला. उद्याच्या वाटेवर दीपगृहाचा फाटा आहे, म्हणाला, जाऊन येऊन वीस.

"एकोणीस हवेत."

"एक जास्तीचा. कुठेतरी वायसर लागतंच."

लेकीला सांगायचं काम माझं. पाचव्या दिवशी सकाळी ती पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तिने नाडी सोडली, परत बांधली. मला वाटलं, केलं आपण, पोरीच्या चार दिवसांवर पाणी ओतलं.

"ह्यांना माहितीये?" तिने विचारलं.

"नाही."

"नको सांगूस. रोज किती प्रेमाने वाचतात आकडा." मग उठून तिने सायकलला हात घातला. "बाबा तीनशे म्हणाले होते. दोनशे एक्क्याऐंशी नव्हते म्हणाले."

वायसरने सगळ्यांच्या मीटरना खरा घेर सांगितला. या वेळी मी शेजारी उभी राहून बघितलं.

फाट्यावर ती थांबली. दीपगृह वर टेकडीवर पांढरं दिसत होतं आणि रस्ता त्याच्याकडे दोराच्या शिडीसारखा चढत होता. जावयांनी वर बघितलं. मीही येतो म्हणाले, परत वर बघितलं, आणि पाण्याची बाटली काढली. लेक म्हणाली, "तुम्ही थांबा सावलीत. मी येतेच." बँकेतल्या बहिणी तर आधीच सावलीत पोचल्या होत्या. आणि ती गेली. एकदाही मागे न बघता गेली.

गाडी नेहमी शेवटच्या सायकलच्या मागे, हा वायसरचा नियम. पुढे जाणारी आता ती एकटीच, म्हणून आम्ही तिच्या मागे. अर्ध्या चढावर एक सर आली आणि गेली, डांबरातून वाफा निघाल्या. लेक उभी राहून पेडल मारत होती. वायसर कान बाहेर काढून होता. मी विचारलं, काही वाजतंय का? तो म्हणाला, काही नाही.

समुद्राच्या एक किलोमीटर अलीकडे मी डायरीवरून हात वर केला, वायसरने हॉर्न दिला आणि लेक थांबली. तिथे समुद्र नव्हता. एक बंद दुकान होतं आणि एक झोपलेलं कुत्रं. तिने तिथेच मीटरचा फोटो काढला. मीटरवर तीनशे एकोणीस होते.

पुढे किनाऱ्यावर जावयांनी दोन्ही मीटर शेजारी धरून बघितले. त्यांचे तीनशे, हिचे तीनशे वीस. दीपगृहाचे वीस, हे त्यांनी बरोबर सांगितलं. मग फोटो तीनशे एकोणीसवर कशाला, हे मात्र त्यांना आजतागायत कळलेलं नाही. हिचा हिशेब कच्चा, असं ते पाहुण्यांना सांगतात. लेक त्यांना चहा आणून देते.

वायसरबद्दल कंपनीच्या कागदावर मी लिहिलं: "कान उत्तम. आकडे तपासून घ्यावेत." त्याने ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि माळेतलं एक वायसर काढून मला दिलं.

फोटो बाबांच्या फोटोशेजारी आहे. मागच्या बाजूला मी पेन्सिलने लिहिलंय: "३००. खरे." खाली तारीख आणि वेळ. मग एक ओळ मोकळी सोडली आहे.